बहुश्रुत कसे व्हावे?

शहापूरहून मुरबाडकडे जाताना वाटेत सापगाव लागते. गावाजवळून भातसा नदी वाहते. ती रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात एखादे दिवशी प्रश्न येतो : हे पाणी येते कोठून आणि जाते कोठे? प्रश्न लहान आहे; परंतु त्याचा माग काढीत गेल्यास पुष्कळ ज्ञान हाती लागते.

नकाशा उघडला की, भातसा सह्याद्रीत उगम पावते व तिचे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीला मिळते, हे कळते. सह्याद्री पावसाळी वारे अडवितो म्हणून येथे विपुल पाऊस पडतो, हे भूगोल सांगतो. याच तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली मुंबईच्या पाण्यासाठी पुरे झाले, हे इतिहासात वाचावयास मिळते. आज तर मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग भातसेचा असतो. मग नवा प्रश्न उभा राहतो : ज्या तालुक्याचे पाणी महानगराची तहान भागविते, त्यातीलच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहावी लागते?

याचे उत्तर एका पुस्तकात मिळत नाही. येथील काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, हे भूशास्त्र सांगते. नळयोजना कोण मंजूर करतो आणि तिचा खर्च कोण सोसतो, हे नागरिकशास्त्रात पाहावे लागते. असे विषय एकमेकांत गुंफले गेले म्हणजे ते ध्यानात राहतात. केवळ राजधान्यांची नावे पाठ केल्याने हे साधत नाही.

अशा वाचनास ग्रंथ हवेत. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. विसाव्या शतकात श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांत सिद्ध केला. पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू होऊन १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. लक्ष्मणशास्त्रींचे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा व्यासंग त्यांनी स्वतःच्या वाचनाने केला. आज विश्वकोश भ्रमणध्वनीवरही वाचता येतो; त्यामुळे ज्या गावी मोठे ग्रंथालय नाही, तेथील मुलालाही तो दूर राहिलेला नाही.

मात्र वाचनास शिस्त हवी. अडलेला शब्द कोशात पाहावा. नवी माहिती वहीत टिपून तिच्यापुढे ग्रंथाचे नाव लिहावे. महत्त्वाची गोष्ट दोन ग्रंथांत ताडून पाहावी. ग्रंथ कोणत्या वर्षीचा आहे, याकडेही लक्ष द्यावे. जुन्या पुस्तकात जव्हार व डहाणू हे तालुके ठाणे जिल्ह्यात दाखविलेले असतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडतात. पुस्तक तेव्हा खोटे नव्हते; काळ पुढे गेला.

रोज अर्धा तास अशा रीतीने वाचणारा विद्यार्थी काही वर्षांत बहुश्रुत होतो. त्याहून मोठा लाभ असा की, आपल्या गावाच्या प्रश्नांची कारणे त्यास उमगतात आणि ग्रामसभेत तो चार शब्द जाणतेपणाने बोलू शकतो.