लास व्हेगास : दिव्यांच्या रस्त्यापलीकडे

मुलगा अगर मुलगी अमेरिकेंत नोकरीस असली म्हणजे आईवडिलांची एक वारी तिकडे घडतेच. आणि बिऱ्हाड कॅलिफोर्नियांत असेल तर चार दिवसांची रजा काढून साऱ्या मंडळींना मोटारीनें लास व्हेगासला नेण्याचा बेत हटकून ठरतो. लॉस एंजलिसहून अंतर सुमारें २७० मैल, म्हणजे चार-पांच तासांचें. जातांना उत्साह असतो. परत आल्यावर जमाखर्च मांडतांना मात्र घरांतील कर्त्या माणसाचा चेहरा उतरतो. एक पै जुगारांत घातली नाहीं, तरी एवढे पैसे गेले कोठें, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या एकाहून अधिक घरांत विचारला गेला आहे. त्याचें उत्तर त्या शहराच्या घडणींतच आहे, आणि तें समजलें म्हणजे पैसे वाचविण्याची वाटहि दिसूं लागते.

पहिली गोष्ट ही कीं, ज्याला सारें जग लास व्हेगास म्हणतें तो दिव्यांचा रस्ता बहुतांशीं लास व्हेगास शहरांत नाहींच. ‘लास व्हेगास’ म्हणजे स्पॅनिश भाषेंत कुरणें. वाळवंटांतील गोड्या पाण्याच्या झऱ्यांभोवतीं हीं कुरणें होतीं. तेथें १९०५ च्या मे महिन्यांत आगगाडीच्या कंपनीनें जमिनीचे तुकडे पाडून लिलाव केला आणि गांव वसलें. १९३१ सालीं नेव्हाडा राज्यानें जुगार कायदेशीर ठरविला, तेव्हां द्यूतगृहें गांवांतल्याच फ्रीमाँट रस्त्यावर थाटलीं गेलीं. पुढें १९४१ मध्यें ‘एल रँचो व्हेगास’ हें मोठें हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजलिसच्या सडकेवर उभें राहिलें. बाहेर जमीन मोकळी, आणि शहराचा कर नाहीं! मग त्याच सडकेवर एकामागून एक हॉटेलें आलीं. शहरानें त्यांना आपल्या हद्दींत ओढूं पाहिलें, तेव्हां १९५० मध्यें त्या भागाला जिल्ह्याकडून निराळ्या वस्तीचा दर्जा मिळाला. त्या वस्तीचें नांव पॅरडाइज, म्हणजे नंदनवन. सुमारें सवाचार मैलांचा हा रस्ता, ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात, तो आजहि बव्हंशीं त्या नंदनवनांत मोडतो. विमानतळहि तेथेंच आहे. उतरल्यापासून परत निघेपर्यंत प्रवासी शहरांत पाऊल न टाकतांच ‘लास व्हेगास पाहिलें’ म्हणून सांगूं शकतो, आणि पुष्कळ जण सांगतातहि.

जुन्या काळीं ह्या रस्त्यावरचें जेवण-राहणें स्वस्त असे. त्यांत औदार्य नव्हतें. मालकाची मिळकत जुगाराच्या मेजावर. तेव्हां गिऱ्हाइकाला एका डॉलरांत पोटभर जेवूं घालून मेजाकडे वळविणें हा सरळ धंदा होता. आतां हिशेब उलटा झाला आहे. गेलीं वीसहून अधिक वर्षें स्ट्रिपवरील हॉटेलांची निम्म्याहून जास्त मिळकत जुगाराबाहेरून, म्हणजे खोल्या, भोजन, नाटकें-गाणीं व दुकानें यांतून येते. म्हणजे जो खेळत नाहीं त्याच्याकडूनहि आतां पुरी वसुली होते. खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ म्हणून रोजचा निराळा आकार, तो पुष्कळ ठिकाणीं पस्तीस ते पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक. मोटार उभी करण्यास पूर्वीं कांहीं पडत नसे. २०१६ पासून तेथील बड्या हॉटेलांनीं त्याचेहि पैसे घेण्यास आरंभ केला. मे २०२५ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या नियमानें हे सक्तीचे आकार जाहिरातींतील किंमतींतच दाखवावे लागतात. त्यामुळें फसगत कमी झाली. खर्च कमी झाला असें मात्र नव्हे.

जुगाराबद्दलहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण ‘पांचच डॉलर लावून पाहूं’ हा मोह शहाण्यांनाहि होतो. रूलेटच्या अमेरिकन चाकाला ३८ घरें असतात, आणि आपल्या आंकड्यावर गोळी थांबली तर एकास पस्तीस मिळतात. म्हणजे लावलेल्या दर शंभर डॉलरांतून सरासरीनें सव्वापांच डॉलर मालकाच्या पदरीं जातात. स्ट्रिपवर अलीकडे तीन शून्यें असलेलीं, ३९ घरांचीं चाकें आलीं आहेत. त्यांत हा वाटा साडेसातांहूनहि अधिक होतो. धर्मराजाला निदान फांसे डोळ्यांनीं दिसत होते. हल्लींच्या यंत्रांतले फांसे कोणालाच दिसत नाहींत. एकवीस वर्षांखालील मुलांना खेळण्याच्या जागीं रेंगाळण्याची कायद्यानें बंदी आहे, पण बहुतेक मोठ्या हॉटेलांतून खोलीकडे जाण्याची वाट त्याच दालनांतून काढलेली असते. नातवंडांना घेऊन दिवसांतून चार वेळां तेथून जाणें आमच्या मतें मुळींच सुखाचें नाहीं.

तेव्हां बिऱ्हाड रस्त्यापासून दोन-चार मैल दूर करावें. तेथें द्यूतगृह नसलेलीं साधीं हॉटेलें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कांहींच्या खोल्यांना लहानसें स्वयंपाकघर जोडलेलें असतें. त्याचें मोल आपल्या गृहिणींना सांगावयास नको. सकाळीं पोहे, रात्रीं मुगाची खिचडी एवढें खोलींत झालें तरी आठ माणसांच्या कुटुंबाचा खर्च झपाट्यानें उतरतो, आणि पथ्यपाण्याच्या वृद्धांचे हाल टळतात तें निराळेंच. ‘रिसॉर्ट फी’ दूरचींहि कांहीं हॉटेलें घेतात, म्हणून आधीं विचारून घ्यावें. शुक्रवार-शनिवारचें भाडें रविवार ते गुरुवारच्या मानानें फार चढें असतें. जानेवारींत विजेच्या उपकरणांचें मोठें प्रदर्शन भरतें, तेव्हां तर विचारूंच नये. बसगाड्यांतहि हाच न्याय आहे. स्ट्रिपवरील बसचें तिकीट इतर रस्त्यांवरच्या तिकिटाहून महाग.

बाहेर जेवावयाचें झाल्यास स्ट्रिपच्या पश्चिमेस जाणारा स्प्रिंग माउंटन रोड पाहावा. तेथें १९९५ मध्यें ‘चायनाटाउन प्लाझा’ ही चिनी धर्तीच्या कमानीची पेठ उघडली आणि तिच्या अंगाला चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामी खाणावळींची मैल-दोन मैलांची रांग लागली. तेथें हॉटेलांतील नोकरमाणसें जेवतात. त्यामुळें भाव सामान्य माणसाच्या खिशाला धरून. शाकाहारी मंडळींनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, नुसत्या भाज्यांच्या पदार्थांतहि माशांचा रस घालण्याची तिकडे चाल आहे. तेव्हां निक्षून विचारावें. शहराच्या पश्चिम टोंकास समरलिन नांवाच्या उपनगरांत हिंदु व जैन मंडळींचें देवालय आहे. वाळवंटाच्या कडेला शिखर पाहून आजी-आजोबांना जें समाधान वाटतें, तें कारंज्यांनीं वाटत नाहीं! कारंजींहि पाहावींत, कारण बेलाजिओ हॉटेलापुढचीं १९९८ सालापासूनचीं नाचतीं कारंजीं पाहण्यास पैसे पडत नाहींत. एक संध्याकाळ स्ट्रिपला पुरे होते.

जुनें शहर तेथून कांहीं मैल उत्तरेस. फ्रीमाँट रस्त्यावर १९९५ मध्यें सुमारें १,४०० फूट लांबीचें छत घातलें आहे आणि रात्रीं त्यावर दिव्यांचीं चित्रें नाचतात, तींहि फुकट. गलबला फार, आणि सारेंच दृश्य मुलांनीं पाहण्याजोगें नसतें, म्हणून दिवेलागणीस जाऊन लौकर परतावें हें बरें. आम्हांला त्याहून मोलाचें वाटतें तें जवळचें १९३३ सालचें जुनें पोस्ट व न्यायालय. १९५० च्या नोव्हेंबरांत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीनें गुंडांच्या टोळ्यांची चौकशी ह्याच इमारतींत केली, आणि २०१२ पासून तेथें त्याच टोळ्यांचें संग्रहालय आहे. द्यूतनगरी कोणाच्या पैशांवर उभी राहिली तें तेथें उघड मांडलें आहे.

आगगाडीच्या रुळांपलीकडे ‘वेस्टसाइड’ हा भाग लागतो. तेथें पाहण्यासारख्या वास्तु थोड्या, पण कथा मोठी आहे. सॅमी डेव्हिस ज्युनिअर यांच्यासारखे काळे कलावंत स्ट्रिपवर गाऊन हॉटेलें भरवीत, आणि रात्रीं त्याच हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे. त्यांना ह्या वस्तींत येऊन निजावें लागे. १९५५ च्या मे महिन्यांत येथें ‘मूलँ रूज’ हें काळ्या-गोऱ्या दोघांनाहि खुलें असलेलें पहिलें द्यूतगृह निघालें, व त्याच वर्षीं बंद पडलें. त्याच बंद इमारतींत १९६० च्या मार्चमध्यें बैठक होऊन स्ट्रिपवरील हा वर्णभेद मोडण्याचा करार झाला. स्पृश्यास्पृश्यतेचा इतिहास पाठीशीं असलेल्या आपल्या समाजांतील तरुणांना ही कथा अवश्य सांगावी.

एक पुरा दिवस रेड रॉक कॅनियनसाठीं राखावा. स्ट्रिपपासून अवघें सतरा मैल. मोटारीमागें प्रवेशशुल्क पडतें, माणसामागें नव्हे. म्हणून मोठें कुटुंब येथें फायद्यांत! ऑक्टोबर ते मे पर्यंत आधीं वेळ नोंदवावी लागते. तेरा मैलांचा एकेरी वळसा असल्यानें गुडघे दुखणाऱ्यांनाहि गाडींत बसून सारें पाहतां येतें. समोर लालभडक वालुकाश्माचे कडे, आणि त्यांच्या माथ्यावर करड्या चुनखडीचा थर. नवल हें कीं, वरचा करडा थर खालच्या तांबड्याहून कितीतरी जुना आहे. भूपृष्ठाच्या दाबानें कोट्यवधि वर्षांपूर्वीं जुना थर सरकून नव्याच्या डोक्यावर चढला. शाळेंत ‘खालचा थर तो जुना’ असें पाठ केलेल्या मुलांना हा अपवाद प्रत्यक्ष दाखवावा. उन्हाळ्यांत मात्र पायवाटांच्या नादीं लागूं नये. ७ जुलै २०२४ रोजीं लास व्हेगासचा पारा १२० अंशांवर, म्हणजे आपल्या मापानें ४८.९ वर गेला होता. पाण्याच्या बाटल्या दुकानांतून आधींच घ्याव्या. स्ट्रिपवर त्याच बाटलीला कितीतरी पट पैसे पडतात.

ज्या झऱ्यांमुळें गांव वसलें ते बेसुमार उपशानें १९६२ मध्यें आटले. त्या जागीं २००७ पासून ‘स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह’ हें उद्यान व संग्रहालय आहे. अर्धा दिवस बरा जातो.

शेवटचा दिवस हूव्हर धरणाचा. वाटेंत बोल्डर सिटी लागतें. धरणाच्या मजुरांसाठीं सरकारनें १९३१ मध्यें वसविलेलें हें गांव. जुगाराच्या ह्या राज्यांत असून येथें आजहि जुगारास बंदी आहे. रस्त्यालगत झाडी, बुटकीं घरें, बागेंत बांकें. पोळीभाजीचा डबा येथेंच सोडावा. धरण ७२६ फूट उंच. ३० सप्टेंबर १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. कामावर दगावलेल्यांचा सरकारी आंकडा ९६ आहे. गाडी उभी करण्यास व आंतील वीजगृह पाहण्यास पैसे पडतात, पण माथ्यावरून चालत जाण्यास कांहीं पडत नाहीं. मागच्या मीड सरोवराच्या कड्यांवर पांढरा पट्टा दिसतो तो उतरलेल्या पाण्याचा. २०२२ मध्यें तें १९३७ नंतर कधीं नव्हतें इतकें खालीं गेलें होतें. माथ्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा आहे आणि दोहों बाजूंच्या मनोऱ्यांवर एकेक घड्याळ. हिवाळ्यांत गेल्यास दोहोंत एका तासाचा फरक दिसेल. उन्हाळ्यांत दोन्ही सारखींच, कारण नेव्हाडा आपलीं घड्याळें पुढें करतें आणि पलीकडचें अ‍ॅरिझोना त्या भानगडींत पडत नाहीं.