वाय-फाय वाटताय? जरा जपून, बॉस!

समोरच्या फ्लॅटमधल्या दोस्ताला वाय-फायचा पासवर्ड दिलाय आणि महिन्याचं बिल फिफ्टी-फिफ्टी? फंडा सही आहे! लोचा एकच. बिल दोघांचं असलं, तरी कनेक्शन तुमच्या एकट्याच्या नावावर आहे.

फॉर्मवर न वाचता ठोकलेली ती सही आठवतेय? घरगुती कनेक्शन त्याच घरापुरतं, दुसऱ्याला विकायचं नाही, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. घरच्यांनी, रूममेट्सनी खुशाल वापरावं. पण भिंतीपलीकडे गेलं की कंपनी कनेक्शन तोडू शकते.

खरी भीती मात्र वेगळीच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनल्सना धमकीचा ई-मेल आला होता. पोलीस आयपी अ‍ॅड्रेसचा माग काढत पोचले ते थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर! तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. तरी चौकशीचा ससेमिरा लागला तो त्याच्याच मागे. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत शहरभर फिरले, ते याच धड्यामुळे.

आता थोडं टेकी मंडळींसाठी. जुन्या पीसीवर फोटोंचा किंवा गेमिंगचा सर्व्हर टाकायचाय? इथेही अटी वाचा. धंद्यासाठी सर्व्हर म्हटलं, की कंपन्या बिझनेस प्लॅनकडे बोट दाखवतात. अमेरिकेत गुगल फायबरनेही आधी सर्व्हरवर बंदी घातली होती. २०१३ मध्ये घरगुती, बिनधंद्याच्या वापराला मोकळीक दिली. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. जुन्या पद्धतीचे आयपी अ‍ॅड्रेस जगात सुमारे ४३० कोटीच, म्हणून कंपन्या एकच अ‍ॅड्रेस अनेक ग्राहकांत वाटतात. मग बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचणार कसं? त्यासाठी बहुतेक वेळा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो.

मग करायचं काय? राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा. रूममेट घर सोडून गेला, की पासवर्ड पुन्हा बदला. आणि शेजारच्या दोस्ताचं काय? त्याला झक्कास कटिंग पाजा, पिझ्झा खिलवा. कनेक्शन मात्र त्याला त्याच्याच नावावर घेऊ द्या!