विश्लेषण : भारतीय-स्कॉटिश लग्नात किल्ट कोणी घालावा, कसा घालावा?

एकीकडे शालू, फेटा आणि अंतरपाट. दुसरीकडे बॅगपाइप आणि चौकटीचा किल्ट. ग्लासगो, एडिंबरा, अबरडीन येथे शिक्षण किंवा नोकरीसाठी गेलेल्या भारतीयांच्या घरांत अशी लग्ने आता फारशी अप्रूपाची राहिलेली नाहीत. मात्र ‘आपल्याकडच्या पाहुण्यांनी किल्ट घातला तर चालेल का’, ‘मोज्यातल्या सुरीचे काय करायचे’, ‘पाटावर बसायचे कसे’ हे प्रश्न दोन्ही घरांना पडतात. त्यांची उत्तरे इतिहासात, कायद्यात आणि थोडीफार शिवणकामात आहेत.

किल्ट म्हणजे नेमके काय?

‘किल्ट’ हा शब्द मुळात क्रियापद आहे. त्याचा अर्थ वस्त्र वर खोचणे, ओचा बांधणे. जुना हायलँड किल्ट खरोखरच नेसला जाई. लांबलचक लोकरी कापडाच्या चुण्या घालून तो कमरेला पट्ट्याने आवळत आणि उरलेला भाग खांद्यावर टाकत. आज दिसतो तो शिवलेला, कातडी पट्टे आणि बकलांनी बसवलेला किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला. पुढचा भाग सपाट आणि एकावर एक येणारा, तर मागे व बाजूंना चुण्या.

पारंपरिक पूर्ण किल्टला आठ वार, म्हणजे सुमारे 7.3 मीटर कापड लागते. नऊवारीपेक्षा एक वार कमी. प्रत्यक्षात दुप्पट पन्ह्याचे चार वार कापड उभे कापून जोडले जाते. जड कापडाचे वजन वाराला 16 औंस धरले, तर चार वारांचे 64 औंस होतात. म्हणजे कमरेवर जवळपास 1.8 किलो लोकर. चुण्या अशा बेतल्या जातात की त्या घालूनही मागून चौकटींची नक्षी सलग दिसावी. हाताने शिवलेला किल्ट महाग का, याचे उत्तर या मोजमापात आहे.

स्कॉटिश लोक या पोशाखाबाबत हळवे का?

कारण तो घातला म्हणून तुरुंगात जावे लागत असे. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या लढाईत जेकोबाइट बंडखोरांचा पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने कैद आणि पुन्हा सापडल्यास सात वर्षे सागरापार वसाहतीत रवानगी, अशी शिक्षा होती. सैन्यातील हायलँड पलटणींना तेवढी सूट होती. ही बंदी 1782 मध्ये उठली.

पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या सोहळ्याची आखणी केली आणि राजाने स्वतः किल्ट घातला. कालपर्यंत बंडखोरांचा म्हणून हिणवलेला पोशाख साऱ्या स्कॉटलंडची ओळख बनला. त्यामुळे लग्नात कोणी त्याला ‘स्कर्ट’ म्हणून खिदळले, तर वरपक्षाच्या कपाळावर आठ्या पडणारच.

स्कॉटिश नसलेल्याने तो घालावा का?

घालायला कायद्याची आडकाठी नाही आणि बहुतेक स्कॉटिश कुटुंबांना त्यात आनंदच वाटतो. स्कॉटलंडमधील अनेक शीख पगडीसोबत किल्ट घालतात. ‘सिंग’ नावाचे टार्टनही आहे. पाकिस्तानी वंशाचे हमजा युसुफ यांनी 2016 मध्ये किल्ट घालून स्कॉटिश संसदेत उर्दूत शपथ घेतली होती. 2023 मध्ये ते फर्स्ट मिनिस्टर झाले.

खटकते ती थट्टा. चकचकीत कापडाचा, फॅन्सी ड्रेसच्या दुकानातला किल्ट आणि लाल केसांची टोपी घालून लग्नाला जाणे, हे आपल्या वऱ्हाडात कोणी कागदी फेटा बांधून येण्यासारखे आहे. म्हणून यजमानांना आधी विचारावे. नवरदेवाकडच्या पुरुषांनी एकसारखे टार्टन ठरवलेले असू शकते. तेच आपण घालावे की टाळावे, हे त्यांनी सांगणे बरे.

टार्टन कसे निवडावे?

टार्टन म्हणजे ठरावीक क्रमाने येणाऱ्या रंगीत धाग्यांची चौकट. प्रत्येक कुळाचे, म्हणजे क्लॅनचे, टार्टन अनादिकाळापासून ठरलेले आहे, हा समज खरा नाही. कुळानुसार वाटणी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. नोंदणीसाठी 2009 पासून सरकारी ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ आहे.

कुळ नसलेल्यांसाठी ‘ब्लॅक वॉच’, ‘हंटिंग स्टुअर्ट’, ‘कॅलेडोनिया’ ही सर्वांना चालणारी टार्टन्स आहेत. ‘बालमोरल’ मात्र ब्रिटिश राजघराण्यासाठी राखीव मानले जाते. दोन्ही घरांचे रंग घेऊन नवे टार्टन विणून घेण्याचा आणि त्याची नोंद करण्याचा मार्गही खुला आहे. पुढे त्याच कापडाचा शेला करून नवरा-नवरीची गाठ बांधता येते. स्कॉटिश विवाहांत वधू-वरांचे हात टार्टनच्या पट्टीने बांधण्याची रीत आहे; त्यामुळे ही गाठ त्यांना परकी वाटत नाही.

पूर्ण पोशाखात काय असते?

किल्टची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत हवी. चुण्या मागे, त्या पुढे आल्या की घालणारा नवखा आहे हे लगेच कळते. खिसा नसल्याने पुढे ‘स्पोरन’ ही कातडी पिशवी साखळीने लटकते. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढले जाऊन फाटते. दिवसाच्या समारंभाला ‘अर्गाइल’ जाकीट, तर संध्याकाळच्या मेजवानीला बो-टाय आणि ‘प्रिन्स चार्ली’ जाकीट, असा संकेत आहे. आत काय घालायचे, यावर विनोद पुष्कळ आहेत. भाड्याचा किल्ट असेल किंवा जमिनीवर बसायचे असेल, तर अंतर्वस्त्र हवेच.

मोज्यातील सुरीबाबत कायदा काय सांगतो?

मोज्यात खोचलेल्या छोट्या सुरीला गेलिक भाषेत ‘स्कीअन डू’, म्हणजे ‘काळी सुरी’ म्हणतात. स्कॉटलंडच्या 1995 च्या फौजदारी कायद्याच्या कलम 49 नुसार सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणे गुन्हा आहे. मात्र कामासाठी, धार्मिक कारणासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगल्याचे दाखवता आले, तर तो बचाव ठरतो. म्हणजे शिखांचे कृपाण आणि किल्टवाल्याची सुरी एकाच कलमात शेजारी आहेत. विमानात ती हातातील बॅगेत नेता येत नाही. पोशाख उतरवल्यावर सुरी खिशात ठेवून फिरणेही अंगाशी येऊ शकते.

मांडवात कोणत्या अडचणी येतात?

पहिली अडचण बुटांची. किल्टसोबतच्या ‘गिली ब्रोग’ बुटांच्या लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळलेल्या असतात. मुहूर्त जवळ आला असताना त्या सोडण्यात वेळ जातो, म्हणून मांडवात शिरण्याच्या बऱ्याच आधी बूट काढावेत. जाड मोजे राहू द्यावेत. दुसरी, पाटावर बसण्याची. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या कराव्यात आणि पुढचा पदर गुडघ्यांमध्ये दाबून घ्यावा. जमत नसेल तर चौरंग किंवा कमी उंचीचे स्टूल मागावे. भटजींना आदल्या दिवशी कल्पना दिली की प्रश्न उरत नाही. तिसरी, कातड्याची. पूजेला चामडे न चालणाऱ्या घरांत किंवा देवळात स्पोरन आणि पट्टा विधीपुरता बाजूला काढावा. सुरीही त्याच वेळी काढून कोणाकडे तरी सोपवावी.

लग्न महाराष्ट्रात असेल तर?

मे महिन्यात मुंबई किंवा नागपूरला 16 औंसी लोकर अंगावर घेणे म्हणजे शिक्षाच. वाराला 10-11 औंस वजनाचे कापड आणि चारऐवजी अडीच वार दुपट्टी कापडाचा किल्ट निवडला, तर वजन 1.8 किलोवरून सुमारे पाऊण किलोवर येते. जाकीट फोटोपुरते ठेवून पुढे नुसते वेस्टकोट चालते. प्रवासात किल्टच्या चुण्या टाचून, गुंडाळी करून तो बॅगेत ठेवावा. घडी घातली तर चुण्या मोडतात आणि त्या पुन्हा नीट बसवणारा इस्त्रीवाला गावात सापडणे कठीण.