डावीकडे वळताना वाढणारा आवाज

आवाज पहिल्यांदा लक्षात आला तो वर्धा रोडवर. दहा वर्षं वापरलेली गाडी घेऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. काटा पन्नासच्या पुढे गेला की खालून घूंऽऽ सुरू व्हायचं, साठला भरून यायचं आणि वेग उतरला की विरून जायचं. मी दोष रस्त्याला दिला. नागपुरात सिमेंटचे रस्ते इतके झालेत की टायरची गुणगुण कानाला सवयीची झाली आहे. पण आठवडाभरात डांबरी रस्त्यावरही तोच सूर लागला, तेव्हा गणेशपेठेतल्या गॅरेजात गेलो.

मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "उभ्या गाडीत काय समजते भाऊ? चला, फिरवून आणू."

स्टिअरिंगवर ते बसले. काचा वर, पंखा बंद. साठवर गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, आवाज तसाच राहिला. म्हणजे इंजिनचा प्रश्न मिटला. मग रिकामा रस्ता बघून त्यांनी गाडी हलकेच डावीकडे झुकवली. घूं वाढलं. उजवीकडे झुकवली, जवळजवळ थांबलं.

"उजवं बेरिंग ओरडून राहिलं," ते म्हणाले.

मला तर आवाज डावीकडून येतोय असं वाटत होतं. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर जातो आणि दुखरं बेरिंग भार पडला की बोलतं, हे त्यांनी समजावलं. पत्र्यातून आवाज फिरत येतो, म्हणून आत बसलेल्याचा कान फसतो. नुसत्या कानावर विसंबून चांगलं बेरिंग बदललेल्या गाड्या त्यांच्याकडे येतात.

तरीही त्यांनी लगेच पाना उचलला नाही. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली. उजवं चाक वरून-खालून धरून हलवलं. प्ले अजिबात नव्हता. इथे मी असतो तर बेरिंग ठीक आहे म्हणून मोकळा झालो असतो. त्यांनी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्याने चाक फिरवलं आणि मला म्हणाले, "आता तुम्ही पहा." स्प्रिंगवर बोटं टेकवली तर जात्यात वाळू दळावी तशी बारीक करकर जाणवली. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, ती फक्त बोटांना कळत होती. डाव्या चाकाच्या स्प्रिंगवर हात ठेवला, तिथे नुसतं गुळगुळीत फिरणं. चाक हलायला लागतं ते फार उशिरा, तोवर बेरिंग बरंच खाल्लेलं असतं.

खोलाखोलीला दोन तास लागले. हब काढला तेव्हा बेरिंगची आतली रेस, म्हणजे आतली कडी, त्यालाच चिकटून आली, ती पुलरने ओढावी लागली. आतलं ग्रीस चहाच्या गाळासारखं झालं होतं. रेसवर तांबूस डाग, आणि छर्रे जिथून फिरतात तिथून पोलादाचे पापुद्रे सुटलेले.

"पाणी," मिस्त्री एवढंच म्हणाले.

बेरिंगचं सील चिखल आणि शिंतोडे अडवायला असतं, बुडून राहायला नाही. धावून तापलेलं बेरिंग नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. मला मात्र 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवली. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी वस्त्यांत शिरली आणि दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कितीतरी पुढे धुऊनपुसून विकल्या गेल्या असतील. माझी त्यातली होती का, हे विकणाऱ्याला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

नवं बेरिंग त्यांनी शेजारच्या लेथवाल्याच्या प्रेसवर बसवलं. नकलमध्ये, म्हणजे बेरिंगच्या घरात, बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. आतल्या रेसवर दिला किंवा हातोड्याने ठोकलं, तर धक्का छर्ऱ्यांतून जातो, रेसवर खळगे पडतात आणि कोरं बेरिंग काही दिवसांत घूं करायला लागतं. एबीएसची गाडी असल्याने सेन्सरकडची चुंबकी बाजू आत आहे ना, हेही त्यांनी दोनदा पाहिलं. शाफ्टचा नट नवा घेतला, पोऱ्याला ब्रेक दाबून बसवलं आणि टॉर्क रेंचने कसला. शेवटी मला व्हील अलाइनमेंटला पाठवलं.

संध्याकाळी पुन्हा वर्धा रोड. साठला फक्त सिमेंटवरच्या टायरचा आवाज होता.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रेडिओ बंद करून, काचा चढवून ती साठपर्यंत चालवा आणि रिकाम्या रस्त्यावर दोन्हीकडे हलकेच झुकवून ऐका. पुराच्या पाण्यात होती का, हे तोंडावर विचारा. आणि बेरिंग बदलायची वेळ आलीच, तर हातोडा उचलणाऱ्याला तिथेच थांबवा.