पडद्यावरचा कडा, मुरबाडचा कातळ

चित्रपट : ‘व्हर्टिकल लिमिट’ (२०००). दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. कथा के-टूवरची (८,६११ मीटर), चित्रीकरण मुख्यतः न्यूझीलंडमध्ये. दृश्यांना दाद मिळाली, पटकथेवर टीका झाली. अडकलेल्यांच्या सुटकेसाठी गिर्यारोहक पाठीवर नायट्रोग्लिसरीन घेऊन चढतात. न पटणारा भाग तोच.

हिम आणि कातळ : ८,००० मीटरच्या वर ‘डेथ झोन’, प्राणवायू अपुरा. सह्याद्रीत बेसॉल्ट, धोका सुट्या दगडांचा, घसाऱ्याचा, शेवाळाचा आणि आग्या मोहोळाचा.

दोर दोन प्रकारचे : डायनॅमिक दोर ताणतो, पडणाऱ्याचा झटका झेलतो, चढाईला तोच. स्टॅटिक फारसा ताणत नाही, तो रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला. चढणाऱ्याचा दोर साथीदार सांभाळतो, त्याला ‘बिले’ म्हणतात. पडद्यावर हे संथ काम क्वचितच दिसतं.

शहापूर तालुका : माहुली किल्ला, सुमारे २,८०० फूट. स्टेशन आसनगाव. सुळक्यांत ‘वजीर’ प्रसिद्ध.

मुरबाड तालुका :
- गोरखगड (पायथा देहरी) : कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, बोटं रुतवायला खोबण्या, पोटात गुहा, पाण्याची टाकी, माथ्यावर महादेव. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. शेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका. तिथे दोर हवाच.
- मोरोशीचा भैरवगड : माळशेजच्या वाटेवर, भिंतीसारखा उभा. वरच्या पायऱ्या तुटलेल्या.