ज्योत निळी आहे ना?

आमच्या खोताच्या वाडीत नाताळ आधी नाकाला कळतो आणि मग कॅलेंडरला. डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की गिरगावच्या सेंट तेरेसा चर्चच्या बाजूने आत वळणाऱ्या माणसाला भाजक्या लोण्याचा वास गाठतोच. गेल्या डिसेंबरात मात्र शेजारच्या आंटींच्या घरातून हा वास येत नव्हता. वय वर्षे ऐंशी, रममध्ये भिजत घातलेली फळे तयार, आणि ओव्हन रुसलेला.

‘‘अरे, तू बँकवाला ना? इतकी वर्षं हिशेब जुळवलेस, आता हे जुळव,’’ असे म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेले. ओव्हन त्यांच्या यजमानांनी कुवेतहून आणलेला. मुलगी परदेशातून फोनवर सांगत होती, ‘‘ममा, नवा इलेक्ट्रिक घे.’’ पण काही वस्तू बदलायच्या नसतात, दुरुस्तच करायच्या असतात, हे त्या मुलीला कोण सांगणार!

आधी दुखणे समजून घेतले. नॉब दाबून धरला की बर्नर पेटे, सोडला की ज्योत गप्प. ज्योतही पिवळी, काजळी धरणारी. म्हणजे दुखणी दोन होती.

पहिल्याचे मूळ १८२१ सालात आहे. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला तर विजेचा दाब निर्माण होतो, हे त्या सुमारास झेबेक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून पुढे आले. ओव्हनच्या बर्नरजवळ काडीसारखे जे टोक असते, ते त्याच तत्त्वावर चालते. त्याला थर्मोकपल म्हणतात. ज्योतीने ते तापले की वीस-तीस मिलिव्होल्ट तयार होतात, म्हणजे पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास! तेवढ्यावर एक चिमुकले लोहचुंबक गॅसची झडप उघडी धरते. ज्योत विझली की टोक गार होते, झडप मिटते, गॅस बंद. ओव्हन बंद पेटीसारखा असल्याने हा पहारेकरी हवाच. आंटींचा पहारेकरी काजळीने माखला होता आणि स्क्रू सैल होऊन ज्योतीपासून दूर सरकला होता. त्याला ज्योत दिसतच नव्हती. तो बिचारा इमानाने गॅस बंद करत होता.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, ओव्हन गार होऊ दिला. टोक बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसले आणि पुन्हा ज्योतीच्या वाटेत बसवून स्क्रू आवळला.

दुसरे दुखणे हवेचे. गॅसला जळण्याआधी पुरेशी हवा मिळाली तर ज्योत निळी, नाही मिळाली तर पिवळी. काजळी वाढते आणि कार्बन मोनॉक्साइडचे विषही. बर्नरच्या हवेच्या भोकात कोळ्याने संसार थाटला होता. तो ब्रशने हलवला. जेटमध्ये मात्र सुई खुपसली नाही. पितळ मऊ असते. भोक जरा मोठे झाले की जास्त गॅस येतो आणि दुखण्यापेक्षा औषध भारी पडते.

आता पेटवायचे, एवढ्यात मला १९८२ साल आठवले. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, तेव्हा कुठे घरी गॅस यायचा. तो आल्यावर नळीच्या सांध्यातून वास येतो म्हणून मी, बँकेत नुकताच लागलेला शहाणा, काडी ओढून गळती ‘तपासली’ होती. भुवया गेल्या, जीव राहिला. आईने महिनाभर मला शेगडीजवळ फिरकू दिले नाही.

म्हणून या वेळी काडी नाही, साबणाचा फेस. रेग्युलेटर उघडून सगळ्या सांध्यांवर लावला. खरे तर हे अगदी पहिल्यांदा करायला हवे होते. माझा क्रम चुकला. नळी ठीक, सांधे ठीक. पण नॉबच्या दांड्यापाशी एक बुडबुडा हळूच फुगला, फुटला आणि दुसरा आला.

रेग्युलेटर ताबडतोब बंद केला. कॉक उघडून, ग्रीस लावून पुन्हा बसवणे मला येईलसे वाटत होते. हात शिवशिवत होते. आंटींचे पीठ चाळून तयार होते. पण ही वाडी! अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसलेली, लाकडी जिन्यांची, लाकडी व्हरांड्यांची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड; तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. माझी चूक एका स्वयंपाकघरात थांबली नसती.

बँकेत मोठी रक्कम एका सहीवर निघत नसे. ज्याने नोंद केली, त्यानेच ती तपासायची नाही, हा नियम. गॅसचा कॉक ही दुसऱ्या सहीची जागा. मी म्हणालो, ‘‘आंटी, आज केक नाही. मेकॅनिकला बोलावू या.’’ त्या काही बोलल्या नाहीत. चाळलेल्या पिठावर ताट झाकून त्या आत गेल्या. ते झाकलेले ताट मला रात्रभर दिसत होते.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा मेकॅनिक आला. कॉक उघडून साफ केला, खास ग्रीस भरले, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही. मग नॉब दाबला, ज्योत पेटली, नॉब सोडला. आम्ही तिघेही श्वास रोखून. ज्योत तशीच राहिली. निळी.

वाचकहो, बर्नर पुसा, जाळी काढा, फेस लावून बघा. एवढे घरच्या घरी जरूर करा. पण बुडबुडा दिसला तर रेग्युलेटर बंद करा, विजेचे बटण चालू-बंद करू नका, खिडक्या-दारे उघडा आणि १९०६ या क्रमांकावर बाहेर जाऊन फोन करा.

चोवीस तारखेला संध्याकाळी आंटी बशीवर रुमाल घालून स्वतः जिना चढून आल्या. केक माझ्या हातात दिला आणि आमच्या शेगडीकडे नजर टाकून विचारले, ‘‘तुझी ज्योत निळी आहे ना रे?’’

मी वाकून पाहिले. कडेने जराशी पिवळी होती.