कोवळ्या वयातला गांजा

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग संशोधक अजूनही काढत आहेत. तेराव्या वर्षी आणि पुन्हा अडतिसाव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यांक मोजला गेला. किशोरवयात गांजा सुरू करून वर्षानुवर्षं त्याच्या आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ८ गुणांनी घसरला होता. मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांत अशी घसरण नव्हती.

आकडा भाषणात फेकायला सोयीचा. पण २०१६ साली अमेरिकेतल्या जुळ्यांचा अभ्यास आला. एक भावंड गांजा ओढणारं, दुसरं न ओढणारं. तरी दोघांच्या गुणांत लक्षणीय फरक नाही! म्हणजे दोष गांजाचा की घरच्या परिस्थितीचा, हा वाद मिटलेला नाही. म्हणून मुलांना बुद्ध्यांकाची भीती घालू नये, असं माझं मत. एक दावा कच्चा निघाला की ती बाकीचेही उडवून लावतात.

आणि बाकीचे उडवून लावण्यासारखे नाहीत. आपला मेंदू गांजातल्या टीएचसीसारखं काम करणारी रसायनं स्वतःच बनवतो. त्यातलं ॲनंडामाइड १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चेतापेशींमधली निरोपांची वर्दळ गरजेपुरती आवरायची, की लगेच विरून जायचं, ही त्याची रीत. टीएचसी नेमकी तीच जागा अडवतं आणि तिथे ठिय्या देतं. कपाळामागचा, संयम आणि निर्णय सांभाळणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. ही लुडबूड ऐन त्या घडणीत होते.

सर्वांत गंभीर धोका मनोविकाराचा. स्वीडनच्या ४५,५७० लष्करी भरतीच्या तरुणांवर १५ वर्षं नजर ठेवली, तेव्हा पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट दिसलं. आधीचे मानसिक त्रास, घरची स्थिती वगैरे जमेस धरल्यावर ही पट बरीच खाली आली, पण पुसली गेली नाही. अर्थात गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. घरात कुणाला तो असेल, तर मात्र जोखीम वाढते.

‘झाडपालाच तर आहे, सवय लागत नाही,’ हे कट्ट्यावरचं ठरलेलं वाक्य. किशोरवयात सुरुवात करणाऱ्या साधारण सहांपैकी एकाला सवय लागते.

मुलगा खोलीत कोंडून घेतोय, कुणीतरी आपल्याबद्दल कुजबुजतंय म्हणतोय, असं दिसलं तर मारझोड नको. मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहेच.